समीकरणात हरवलेले पाणी

कार्बन डायऑक्साइडचे ६ रेणू व पाण्याचे ६ रेणू यांपासून ग्लुकोजचा १ रेणू व ऑक्सिजनचे ६ रेणू तयार होतात. प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण आपण बहुतेक जण फळ्यावर असेच लिहितो. दोन्ही बाजूंचे अणू मोजले तर हिशेब चोख बसतो. पण बाहेर पडणारा ऑक्सिजन येतो कोठून? एका शाळेच्या सराव परीक्षेत ‘पाण्यापासून’ असे लिहिणाऱ्या मुलीचे उत्तर चूक ठरवलेले मी पाहिले आहे. ‘झाड कार्बन डायऑक्साइड घेते व ऑक्सिजन सोडते’ या वाक्याची आपल्या मनावर एवढी पकड आहे!

मुलीचे उत्तर बरोबर होते. काही गंधक-जीवाणू पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात आणि त्यांच्याकडून ऑक्सिजन न निघता गंधक तयार होते. कार्बन डायऑक्साइड तर दोन्हीकडे आहे. तेव्हा हिरव्या वनस्पतीत फुटत असणार ते पाणीच, असा तर्क व्हॅन नील यांनी १९३१ च्या सुमारास मांडला. १९३७ मध्ये रॉबिन हिल यांनी दाखवले, की पानातून वेगळी काढलेली हरितलवके लोहक्षाराच्या सान्निध्यात, प्रकाश मिळताच, कार्बन डायऑक्साइडची गरज न पडता ऑक्सिजन सोडतात. १९४१ मध्ये रूबेन, केमेन व सहकाऱ्यांनी क्लोरेला या शैवालाला १८ वस्तुमानांकाचा जड ऑक्सिजन असलेले पाणी दिले. बाहेर आलेल्या ऑक्सिजनमधील जड अणूंचे प्रमाण पाण्यातील प्रमाणाशी जुळले.

आता समीकरणाकडे पुन्हा पाहू. ऑक्सिजनच्या ६ रेणूंत १२ अणू असतात. पाण्याच्या ६ रेणूंत ऑक्सिजनचे अणू फक्त ६. उरलेले ६ कोठून आणायचे? म्हणून डावीकडे पाण्याचे १२ रेणू आणि उजवीकडे नव्याने तयार झालेले पाण्याचे ६ रेणू लिहायला हवेत. दोन्हीकडचे सहा-सहा कापणे बीजगणितात चालते. येथे मात्र त्याबरोबर अर्थही कापला जातो. नव्या पाण्यातील ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून आलेला असतो. ते मूळचे पाणी नव्हेच. शिवाय प्रकाशाचे खरे काम झाकले जाते. पाण्यातील इलेक्ट्रॉन ओढून काढण्यासाठी प्रकाशऊर्जा लागते. ती एटीपी व एनएडीपीएच यांच्यात रासायनिक रूपाने साठते आणि तिच्या बळावर पुढे शर्करा बनते.

खालच्या इयत्तांत संक्षिप्त समीकरण वापरायला हरकत नाही. नववी-दहावीत मात्र ते फळ्यावर लिहून मुलांनाच ऑक्सिजनचे अणू मोजायला सांगावेत. हिशेब कोठे अडतो, हे त्यांचे त्यांनाच सापडू द्यावे. आणि उत्तरपत्रिकेत ‘पाण्यापासून’ असे दिसले, तर लाल पेन खाली ठेवावे.