बांटू-विस्ताराचा प्रश्न : एका उपपत्तीचें परीक्षण

ज्या प्रदेशांत जुना कागद नाहीं, ताम्रपट नाहीं, शिलालेख नाहीं, त्या प्रदेशाचा चार हजार वर्षांपूर्वींचा इतिहास लिहितां येतो काय? ज्यांची सारी भिस्त दप्तरांवर व पोथ्यांवर आहे, ते आमचे वाचक याचें उत्तर बहुधा नकारार्थीच देतील. परंतु आफ्रिका खंडाच्या दक्षिणार्धाविषयीं असा इतिहास शंभराहून अधिक वर्षें लिहिला जात आहे, व त्याचें एक मुख्य साधन म्हणजे शब्द. या साधनाचा उपयोग कसा झाला व तो कोठें चुकला, हें पाहण्यासाठीं प्रा. रोलंड ऑलिव्हर यांनीं १९६६ सालीं ‘जर्नल ऑफ आफ्रिकन हिस्टरी’ या नियतकालिकांत लिहिलेला बांटू-विस्तारावरील प्रसिद्ध निबंध आम्ही परीक्षणार्थ घेतला आहे.

प्रथम वस्तुस्थिति सांगतों. कॅमेरूनपासून पूर्वेस केनियापर्यंत व दक्षिणेस दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत बोलल्या जाणाऱ्या सुमारें पांचशें भाषा एका कुळांतील आहेत. ‘मनुष्य’ या अर्थीं स्वाहिलींत ‘म्तु’ व अनेकवचनीं ‘वातु’, गांडा भाषेंत ‘ओमुंतु’ व ‘अबांतु’, झुलूंत ‘उमुंतु’ व ‘अबांतु’ असे शब्द आहेत. मूळ तेंच राहतें, उपसर्ग तेवढा बदलतो. यावरूनच विल्हेल्म ब्लीक यांनीं १८६२ सालच्या आपल्या व्याकरणांत या कुळास ‘बांटू’ हें नांव योजिलें.

आतां या कुळाचें मूलस्थान कोणतें? माल्कम गथ्री यांनीं अनेक भाषांतील समान धातु मोजले. त्यांचें प्रमाण आग्नेय काँगोकडील लूबा, बेंबा आदि भाषांत सर्वाधिक दिसलें, म्हणून उगम तेथेंच असें त्यांनीं ठरविलें. जोसेफ ग्रीनबर्ग यांनीं निराळी कसोटी लावली. या कुळाचे बाहेरचे जवळचे नातलग नायजेरिया-कॅमेरूनच्या सीमेवर आढळतात. अर्थात् मूळ घरहि तिकडेच असलें पाहिजे. ऑलिव्हर यांनीं दोन्ही मतें पदरांत घेतलीं. लहान टोळ्या कॅमेरूनकडून नदीमार्गें अरण्य ओलांडून लूबा प्रदेशांत आल्या, तेथें वाढल्या, व तेथून सर्वत्र पसरल्या, अशी चार टप्प्यांची उपपत्ति त्यांनीं मांडली.

आमचा पहिला आक्षेप येथेंच आहे. दहा पोथ्यांत एकच पाठ सांपडला म्हणून तो मूळ ठरत नाहीं. त्या दहाहि पोथ्या एकाच उत्तरकालीन प्रतीच्या नकला असूं शकतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध झाली, ती प्रती मोजून नव्हे, तर प्रतींचे परस्परसंबंध तपासून. गथ्री यांनीं प्रती मोजल्या, ग्रीनबर्ग यांनीं नातें तपासलें. पुढील संशोधनानें ग्रीनबर्ग यांचाच पक्ष उचलून धरला आहे. दोहोंचा मेळ घालण्याच्या भरांत ऑलिव्हर यांच्या हातून संकरपाठ तयार झाला. तथापि न्याय केला पाहिजे. त्यांचें मधलें मुक्कामस्थान सर्वस्वीं टाकाऊ नाहीं. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या, १४७ बांटू भाषिक समाजांच्या आनुवंशिक अभ्यासांतहि झांबिया व काँगो हे प्रदेश लोकांच्या भेटीगांठींचे नाके असावेत असें दिसून आलें.

दुसरा आक्षेप त्या काळच्या बहुतेक लेखनावर आहे. भाषा, वंश व लोखंड हीं तिन्ही एकाच काफिल्यांतून निघालीं, असें तेव्हां गृहीत धरलें जाई. परंतु हा विस्तार चार-पांच हजार वर्षांपूर्वीं सुरू झाला, आणि कॅमेरूनमध्यें व मोठ्या सरोवरांच्या प्रदेशांत लोखंडकामाचा भरीव पुरावा मिळतो तो ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकांतला. म्हणजे पहिलीं पावलें दगडी कुऱ्हाडी व मातीचीं भांडीं घेऊनच पडलीं. लोहाराचा शब्द जुना असला, तरी तो आरंभीं केवळ ‘ठोकणें’ या अर्थाचा असूं शकतो.

भाषा व वंश यांचीहि गत तीच. काँगोच्या अरण्यांतील अका लोक बांटू भाषा बोलतात; पण त्यांचे पूर्वज बांटू भाषिकांच्या फार पूर्वींपासून तेथें राहत होते. उलट, झुलू व खोसा या बांटू भाषांत जीभ झटकून काढावयाचे ध्वनि आहेत, ते खोई व सान लोकांकडून आलेले. सासऱ्याच्या नांवांतील अक्षरें सुनेनें उच्चारूं नयेत, अशी तिकडे ‘ह्लोनिफा’ नांवाची चाल आहे. टाळलेल्या अक्षरांच्या जागीं हे परके ध्वनि बसत गेले, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. पतीचें नांव न घेण्याची आपल्याकडील चाल ज्यांस ठाऊक आहे, त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. सारांश, विस्तार पावणाऱ्यांनीं दिलें तसें घेतलेंहि.

या वादांत अनुकरणीय वर्तन यान व्हान्सिना यांचें. हे मूळचे यूरोपीय मध्ययुगाचे अभ्यासक. १९९० च्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं शब्दांच्या आधारें विषुववृत्तीय अरण्याचा राजकीय इतिहास रचला. आणि १९९५ सालीं, नवीन भाषिक पुरावा पुढें येतांच, एकच एक महास्थलांतर झालें ही कल्पना टाकून द्यावी असें स्वतःच लिहिलें. २०२१ सालीं काँगो-अरण्यांतील व लगतच्या ७२६ स्थळांवरील १,१४९ कार्बन-कालनिर्णय एकत्र तपासले गेले. त्यांत इ. स. ४०० ते ६०० या काळांत वस्ती ओसरल्याचें व १००० च्या सुमारास ती पुन्हां वाढूं लागल्याचें दिसतें. तेव्हां आजच्या तेथील भाषा पहिल्या वसाहतवाल्यांच्याच होत, हेंहि आतां गृहीत धरतां येत नाहीं.

हा विषय आम्हांस अगदींच परका नाहीं. आपल्या कागदपत्रांत सिद्दी मंडळींस ‘हबशी’, म्हणजे अबिसीनियाचे, म्हटलें आहे. परंतु २०११ साली गुजरात व कर्नाटकांतील सिद्दींचा जो आनुवंशिक अभ्यास झाला, त्यांत त्यांच्या आफ्रिकी अंशाचें नातें बांटू भाषिकांशीं जुळलें. यावरून प्रत्येक सिद्दी घराण्याविषयीं निर्णय देणें घाईचें होईल. पण कागदावरील नांव म्हणजे मूळस्थानाचा दाखला नव्हे, एवढें निश्चित. शब्द हें अस्सल साधन आहे. मात्र कागदाप्रमाणें त्यालाहि उलटतपासणी चुकत नाहीं, आणि शब्दानें कागदाची उलटतपासणी घेतली तर कागदवाल्यांनीं रुसूं नये.