मरणाचा खेळ आणि नामानिराळे बघे

१८ ऑक्टोबर १९७० रोजी पश्चिम जर्मनीतल्या एआरडी वाहिनीनं ‘दास मिलियोनेनश्पील’ दाखवला आणि वाहिनीचे फोन खणखणू लागले. काही प्रेक्षक संतापले होते. काहींना मात्र स्पर्धक म्हणून नाव नोंदवायचं होतं. खेळ असा, की स्पर्धकानं सात दिवस पळत राहायचं, तीन मारेकरी त्याच्या मागावर, आणि तो जगला तर दहा लाख मार्क त्याचे. रॉबर्ट शेकलीच्या १९५८च्या कथेवरून वोल्फगांग मेंगेनं पटकथा लिहिली होती. दिग्दर्शक टॉम टोले.

जीवघेण्या खेळाच्या या कथाप्रकाराबद्दल बोलताना मला पुन्हा पुन्हा याच चित्रपटापाशी यावंसं वाटतं. तो अथपासून इतिपर्यंत खऱ्या कार्यक्रमासारखा रचला आहे. निवेदक आहे डीटर टोमास हेक. हा माणूस खराखुरा निवेदक, गाण्यांच्या लोकप्रिय कार्यक्रमामुळे घरोघरी ओळखीचा. मधेच जाहिराती येतात. मुलाच्या मागं बंदुका लागलेल्या असताना त्याच्या आईला कॅमेऱ्यासमोर बोलतं केलं जातं, आणि निवेदकाचा सूर हळदीकुंकवाला आलेल्या पाहुणीची विचारपूस करावी तसा अगत्याचा. घरी खुर्चीत बसलेल्याला या सगळ्यापासून अंग काढून घ्यायला जागाच राहत नाही. मराठी प्रेक्षकाला हा पेच अनोळखी नाही. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये वेळ घालवायला मांडलेला खेळ बेणारेच्या जिवावर उठतो, आणि सुरुवातीला हसलेलं प्रेक्षागृह आपल्या त्या हसण्यापाशी अडकून पडतं. तिथं बंदूक लागत नाही, रक्त सांडत नाही.

गेल्या पन्नासएक वर्षांत या प्रकाराला पैसा मिळाला, तंत्र मिळालं, जगभरचा बाजार मिळाला. बघ्यांना मात्र त्यानं हळूहळू मोकळं सोडलं, ही माझी तक्रार आहे.

स्टीफन किंगनं रिचर्ड बाखमन या टोपणनावानं १९८२ मध्ये ‘द रनिंग मॅन’ लिहिली. तिचा काळ २०२५चा. आजारी मुलीच्या औषधपाण्यासाठी बाप खेळात उतरतो. जिवंत राहिल्याच्या प्रत्येक तासाचे पैसे त्याला मिळतात, आणि तो दिसल्याची खबर देणाऱ्या नागरिकालाही बक्षीस असतं. म्हणजे शेजारी, वाटसरू, सगळेच शिकारीत सामील. १९८७च्या चित्रपटानं ही सारी गरिबी आणि फितुरी गाळून आर्नोल्ड श्वार्झनेगरचे दंड तेवढे ठेवले. त्यातला निवेदक मात्र लाख मोलाचा. ‘फॅमिली फ्यूड’चा खरा सूत्रधार रिचर्ड डॉसन एका म्हातारीला लाडीगोडीनं विचारतो, आता कोणता मारेकरी सोडायचा? ती नाव सांगते, टाळ्या पडतात. पण हीच गर्दी शेवटी नायकाच्या नावानं ओरडू लागते आणि तिचा सगळा हिशेब माफ होतो.

किंजी फुकासाकुचा ‘बॅटल रोयाल’ (२०००) वेगळ्या रागातून आला. पंधराव्या वर्षी, युद्धकाळात, फुकासाकु दारूगोळ्याच्या कारखान्यात राबला होता. मोठ्यांनी मुलांना मरायला पाठवावं हे त्यानं पाहिलं होतं. त्यामुळे हा चित्रपट मोठ्यांवर डाफरतो, बघ्यांकडे त्याचं फारसं लक्ष नाही, आणि त्याबद्दल मला तक्रारही नाही.

सुझान कॉलिन्सला ‘द हंगर गेम्स’ (२००८) सुचली ती वाहिन्या बदलताना, एकीकडे रिअ‍ॅलिटी शो आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं पाहून. कादंबरीतला गुहेचा प्रसंग मला या साऱ्या परंपरेतल्या उत्तम लेखनापैकी वाटतो. खेळातली स्पर्धक कॅटनिस आपल्या जखमी साथीदाराचं, पीटाचं, चुंबन घेते आणि थोड्याच वेळात पॅराशूटनं गरम रस्सा खाली येतो. आणखी प्रेम दाखव, आणखी खायला मिळेल, हा निरोप तिला न सांगता कळतो. त्यानंतर कोणता स्पर्श खरा आणि कोणता कॅमेऱ्यासाठी, हे तिला स्वतःलाही नीट सांगता येत नाही. २०१२च्या चित्रपटात तिच्या मनातला हा हिशेब ऐकू येत नाही. उरते ती प्रेमकथा. खेळ पाहणारे राजधानीचे लोक तर रंगीबेरंगी केसांचे, भडक पोशाखाचे. त्यांच्यात आपण नाही, हे तिकीट काढून आलेल्याला पहिल्या झटक्यात पटतं.

ह्वांग दोंग-ह्योकच्या ‘स्क्विड गेम’नं (२०२१) पहिल्या हंगामात एक फार मोठी गोष्ट साधली. पहिल्याच खेळात ४५६ पैकी २५५ माणसं मरतात. उरलेले मतदान करून, एका मताच्या फरकानं, खेळ थांबवतात आणि घरी जातात. दुसऱ्या भागात बंदूक, मैदान, काहीच नाही. कर्ज आहे, आईचा आजार आहे, कामावरून काढलेल्या माणसाचा रिकामा दिवस आहे. मग बहुतेक जण आपल्या पायांनी परत येतात. या भागाला तोड नाही. पुढे मात्र सोनेरी मुखवट्यांचे श्रीमंत पाहुणे सोफ्यांवर लोळत पैजा लावू लागतात, आणि पाहण्याचं पाप त्यांच्या नावावर जमा होतं. घरचा प्रेक्षक पुन्हा नामानिराळा.

२०२३ मध्ये नेटफ्लिक्सनं याच मालिकेवरून ४५६ खऱ्या स्पर्धकांचा, ४५ लाख ६० हजार डॉलर बक्षिसाचा रिअ‍ॅलिटी शो काढला. बाद झालेल्याच्या कपड्यांवर काळी शाई फुटायची आणि तो मेल्यासारखा कोसळायचा. इंग्लंडच्या कडाक्याच्या थंडीत पुतळ्यासारखं उभं राहताना काहींना वैद्यकीय मदत घ्यावी लागली. मूळ मालिकेनं बघ्यांनाही हिशेबात धरलं असतं, तर तिचा असा कार्यक्रम करणं इतकं सोपं गेलं नसतं. मूळ मालिकेच्या पुढच्या हंगामांत ह्वांगनं प्रत्येक खेळानंतर मतदान आणलं. छातीवर फुली किंवा गोल लावून माणसं एकमेकांच्या मरणावर मत देतात. दिशा बरोबर होती. पण तिसऱ्या हंगामात मुखवटेवाले पाहुणे पुन्हा आले, आणि या वेळी तर पहारेकऱ्यांचा वेश चढवून गोळ्याही झाडून गेले.