भयाचा रोगी आणि आमचें वाङ्मय

रोगाचें सोंग घेणारा मनुष्य रंगभूमीच्या जुन्या परिचयाचा आहे. मोलियेरच्या १६६६ सालच्या ज्या प्रहसनावरून हरिभाऊ आपट्यांनीं 'मारून मुटकून वैद्यबुवा' रचिलें, त्यांतील कन्या नावडतें लग्न टाळण्यासाठीं मुकी होते. प्रेक्षक हंसतात, आणि तें योग्यच आहे. आपलें मुकेपण खोटें असल्याचें तिचें तिला ठाऊक असतें. परंतु याच नाटककारानें १६७३ सालीं रंगविलेला आर्गां सोंगाडी नव्हे. औषधांचीं बिलें मोजीत बसलेला हा गृहस्थ आपण आजारी आहों असें मनापासून मानतो. तरीही त्याच्या वांट्यास तेंच हंसें येतें, आणि आमची तक्रार येथेंच आहे. ती भूमिका स्वतः मोलियेर करीत असे. चौथ्या प्रयोगांत त्याला झटका आला आणि त्याच रात्रीं तो वारला. काल्पनिक रोग्याचें काम करणाऱ्याचीं फुप्फुसें खरोखरच गेलीं होतीं!

आमच्या निलंग्यांतील एका गुरुजींची पोटरी एके रात्रीं आपोआप फडफडूं लागली. डोळा लवला तर आपण शकुन पाहतों. पोटरी लवली तेव्हां यांना मृत्यु दिसला. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ सालीं जो मोटर न्यूरॉनचा रोग असल्याचें निष्पन्न झालें, तोच आपणांस जडला, असें त्यांनीं ठरविलें. लातूरच्या वैद्यांनीं शक्ति तपासली, स्नायु झिजले नाहींत हें पाहिलें. शीण, जागरण, चहा यांनींही असें होतें, असें सांगितलें. आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशीं गुरुजी पुन्हां टांचांवर उभे राहून पायांतलें बळ अजमावूं लागले. घरचे हंसले. पण यांत सोंग कोठें आहे?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीचा भूकंप झाला. त्याचा तडाखा आमच्या तालुक्यासही बसला. पुढें कित्येक महिने भांडें वाजलें तरी माणसें अंगणांत धांवत. त्यांना कोणी सोंगाडी म्हटलें नाहीं, कारण जमीन एकदां सर्वांच्या देखत हालली होती. गुरुजींचा कंप मात्र त्यांचा एकट्याचा!

या एकट्या माणसाला आमच्या वाङ्मयांत जागा मिळाली ती, आमच्या मतें, प्रहसनांत नव्हे तर दासबोधांत. तिसऱ्या दशकाचा सहावा समास बहुतेक वाचक रोगांची रुक्ष यादी म्हणून उलटतात. खरूज, नारू, देवी, गोवर अशीं नांवें घेत समर्थ चालले आहेत. आणि त्याच ओघांत, तितक्याच शांतपणें, शरीराला व्याधि नसतांही चिंतेनें जळणारें चित्त येतें. त्याला निराळी पंगत नाहीं. त्याचेंही नांव आध्यात्मिक तापच. अमेरिकेच्या मानसवैद्यांनीं अशा भयाचें जुनें, हिणविणारें नांव आपल्या ग्रंथांतून काढलें तें २०१३ सालीं.

आम्हीं तो समास गुरुजींना वाचावयास दिला. "यादी वाचून आणखी चार रोग आठवले," असें ते म्हणाले. पण चित्ताच्या तळमळीची ती ओवी त्यांनीं वहींत उतरून घेतली होती.