कलत्या देवनागरीचा उसना नखरा

लग्नपत्रिका, सराफांच्या जाहिराती आणि आता कवितासंग्रहांची मुखपृष्ठंसुद्धा एकाच रोगानं पछाडली आहेत. उजवीकडे कललेली, केसाएवढ्या बारीक रेषांची, रोमन इटॅलिकची नक्कल करणारी देवनागरी. 'शुभविवाह' असा झुकतो की वेलांटी थेट शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर.

मूळ रोमन मालाबद्दल तक्रार नाही. बोदोनी-दिदो या टायप-घराण्यातलं इटॅलिक मोठ्या आकारात आजही देखणंच दिसतं. 'हार्पर्स बझार' मासिकासाठी दिदो नव्यानं काढताना टायपकार जोनाथन हेफ्लरनं सात आकारांसाठी सात वेगळी रेखाटनं केली, कारण मथळ्यातली बारीक रेघ लहान टायपात तुटते. फुकट मिळतं म्हणून प्रत्येक कॅफेच्या पाटीवर चढलेल्या 'प्लेफेअर डिस्प्ले' फाँटबद्दल न बोललेलं बरं.

पण इटॅलिक म्हणजे कललेलं रोमन नव्हे. व्हेनिसमध्ये फ्रान्चेस्को ग्रिफोनं मुद्रक आल्डस मनुशियससाठी ते कोरलं तेव्हा त्याच्यासमोर त्या काळची धावती हस्तलिपी होती. त्यात छापलेल्या १५०१ च्या व्हर्जिलच्या पुस्तकात तर मोठी अक्षरं सरळ उभीच आहेत. म्हणजे महत्त्व हाताच्या वळणाला होतं, कलण्याला नव्हे.

आपल्याकडे 'रोझा वन' फाँटनं उभ्या अक्षरांत जाड-बारीकाचा धीट खेळ केला, तो पोस्टरवर शोभतो. फुगीर, गुबगुबीत अक्षरांची लाट बालपुस्तकांपुरती ठीक. कलत्या अक्षरांचं मात्र सगळंच बिनसलं आहे. देवनागरी घडवणाऱ्या बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलटा. 'र' डावीकडे खाली उतरतो तिथे रेघ जाड, पाय उजवीकडे निघतो तिथे बारीक. संगणकानं अक्षर उजवीकडे ढकललं की नेमकी जाड रेघ रोडावते आणि बारीक रेघ सुजते. शाळेत पाटीवर बाराखडी घोटलेल्या कुणालाही हे खटकेल. मांडणी करणाऱ्याला खटकत नाही, कारण त्याची नजर शेजारच्या इंग्रजी नावावर असते.

आणि धावती लिपी आपल्याकडे नव्हती थोडीच! बाळबोध देवनागरी उभी, मोडी धावती. आधी पानभर शिरोरेघ ओढायची, मग हात शक्य तितका न उचलता अक्षरं जोडत जायची. विल्यम कॅरीच्या १८१० च्या मराठी कोशासाठी बंगालमधल्या श्रीरामपूरला मोडीचे खिळेही पाडले होते. अच्युत पालवांनी मोडी आणि देवनागरीच्या मेळातून मुक्तलिपी घडवली. तिच्यावरून सुलेखनाचे वर्ग भरले, पण छपाईच्या टायपानं त्यातून काय उचललं? काहीच नाही. बोदोनीचा नखरा उसना आणायला आम्ही तयार, चिटणिसांचं मोडी वळण मात्र प्रदर्शनात काचेआड.

मोडी वाचणारे उरलेत कुठे, असं यावर हमखास विचारलं जातं. मोडी वाचायला कोण सांगतंय? वाचायची बाळबोधच, मोडीकडून गाठी, फिरक्या आणि अक्षरातून अक्षरात शिरण्याची रीत घ्यायची. त्यासाठी फाँटच्या सॉफ्टवेअरमधला कल देणारा आकडा शून्यावर आणून पुण्याच्या पेशवे दप्तरात महिनाभर बैठक मारावी लागेल. तेवढा वेळ नसेल, तर अक्षरं सरळ उभी ठेवा.