मानधन की वेतन? : साथीच्या काळातील आशांच्या लढ्याची एक चिकित्सा

कामगार संघटनेच्या कार्याचे मूल्यमापन तिने मिळवून दिलेल्या रकमेवरून करण्याची रीत रूढ आहे. करोनाच्या साथीतील आशा स्वयंसेविकांच्या लढ्यास हे माप अपुरे पडते. कारण तेथील वाद रकमेइतकाच संज्ञेचाही होता.

भिवंडीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. यंत्रमागाच्या या गावी विणकराची मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर ठरते. सप्टेंबर २०२० मधील ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर फिरून ताप व प्राणवायूची पातळी नोंदविणाऱ्या आशांचा मोबदलाही पुष्कळ अंशी कामागणिकच ठरत असे. तथापि मागावरचा माणूस कामगार म्हणविला जातो, आणि आशा २००५ च्या योजनेपासून ‘स्वयंसेविका’ गणली गेली आहे. एकाच्या मोबदल्यास मजुरी म्हणतात, दुसरीच्या मोबदल्यास मानधन. मजुरी हक्काने मागता येते. मानधन दिले जाईल तेवढे स्वीकारावयाचे असते.

१५ जून २०२१ पासून राज्यातील सुमारे ७०,००० आशा व गटप्रवर्तक संपावर गेल्या. अनेक संघटनांच्या संयुक्त कृती समितीने शासनाशी वाटाघाटी केल्या आणि २३ जून रोजी संप मिटला. आशांना दरमहा १,००० रुपयांची वाढ व ५०० रुपयांचा कोविड भत्ता मान्य झाला. एकेकट्याने गल्लोगल्ली हिंडणाऱ्या स्त्रियांना सामुदायिक वाटाघाटीचे बळ लाभले, हे संघटनांचे निःसंशय यश होय. परंतु भत्ता साथीशी निगडित राहिला. सेवा ऐच्छिक व जोखीम तात्पुरती, हे मूळ गृहीतक या तडजोडीने अबाधितच ठेवले.

रक्कम मिळाल्यावर संज्ञेचा आग्रह कशासाठी, असा आक्षेप येथे संभवतो. त्याचे उत्तर असे की, किमान वेतन व सामाजिक सुरक्षा या गोष्टी संज्ञेवरच अवलंबून असतात. म्हणूनच मे २०१३ मधील ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजनांवर राबणाऱ्या अशा सेविकांना प्रथम कामगार म्हणून मान्यता देण्याची शिफारस केली होती. मार्च २०२४ मध्ये आशांना दरमहा ५,००० रुपयांची वाढ मिळाली. पण तीही मानधनातच.

स्वयंसेवा सोडून देता येते, तिचा संप होत नाही. शासनाने संपकरी आशांशी बोलणी केली, तेव्हाच त्यांचे कामगारपण व्यवहारात मान्य झाले. व्यवहारातील ही मान्यता कायद्याच्या शब्दांत उतरविणे, हे संघटनांचे अपुरे राहिलेले कार्य आहे.