'तुंबाड' आणि '१८+'चा घोळ

हॉरर गेम कोणासाठी, या रकान्यात बरेच जण '१८+' लिहून मोकळे होतात. अहो, ती अट झाली, खेळणारा कोण? सिनेमातलं उदाहरण बघा. 'ए' प्रमाणपत्राचा 'तुंबाड' १२ ऑक्टोबर २०१८ला आला, कमाई बेताचीच. १३ सप्टेंबर २०२४ला पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. सिनेमा तोच, प्रमाणपत्रही तेच! मधल्या काळात लोकांनी तो ओटीटीवर पाहिला, एकमेकांना सांगितला. शिवाय २०१८मध्ये १२ वर्षांचं असलेलं पोर २०२४ला १८चं झालं. यातलं कशानं किती गर्दी खेचली, ते नुसत्या गल्ल्यावरून कळत नाही. तुमच्या प्रश्नावलीत वयाखाली आणखी एक प्रश्न टाका: याबद्दल तुम्हाला कोणी सांगितलं?