दाबाचा उजेड

पाण्याने भरलेला काचेचा पेला हातात धरून आपण त्यात वरून, जरा तिरपे डोकावलो, तर पेल्याची आतली भिंत रुपेरी दिसू लागते आणि पेला धरणारी आपलीच बोटे नाहीशी होतात. पण पुरती नाहीत. जिथे कातडी काचेला खरोखर भिडली आहे, तेवढ्याच जागी ठशाच्या बारीक वक्ररेषा त्या रुपेरी पार्श्वभूमीवर उमटलेल्या असतात. आता पकड किंचित आवळावी. रेषा रुंदावतात, एकमेकींकडे सरकतात, ठसा कडांनी पसरतो; पकड सैल केली की तो पुन्हा आक्रसतो. न्यूयॉर्क विद्यापीठातील जेफ हान यांना आपल्या स्पर्शपटलाची कल्पना अशाच एका पेल्यावरून सुचली असे सांगितले जाते. २००५ साली त्यांनी मांडलेल्या त्या पटलाचे सौंदर्य ज्याला अनुभवायचे आहे, त्याने त्यांचा शोधनिबंध वाचण्याआधी पेला हाती घ्यावा असे मला वाटते.

पटलाची रचना विलक्षण साधी आहे. ॲक्रिलिकची सहा-एक मिलिमीटर जाडीची शीट, तिच्या कडा घासून काचेसारख्या स्वच्छ केलेल्या, आणि त्या कडांना लगटून बसवलेले अवरक्त प्रकाशाचे एलईडी. कडेतून आत शिरलेला प्रकाश शीटच्या दोन पृष्ठभागांमध्ये आपटत, परतत, पुन्हा आपटत पुढे जात राहतो आणि बाहेर पडू शकत नाही, कारण ॲक्रिलिकचा अपवर्तनांक साधारण १.४९ असल्यामुळे सुमारे ४२ अंशांहून अधिक तिरप्या कोनात पृष्ठभागाला भेटणारा किरण सगळाच्या सगळा माघारी फिरतो. शाळेत आपण याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणून शिकलो, आकृती काढली, गुण मिळवले आणि विसरलो. पाठ्यपुस्तकातल्या त्या आकृतीत किरण सीमेवर एका बिंदूत टेकतो आणि वळतो; खरा प्रकाश इतका आज्ञाधारक नाही. माघारी फिरण्यापूर्वी तो सीमेपलीकडे जराशी चाहूल घेऊन येतो. त्याचा हा वावर तरंगलांबीहूनही कमी अंतरात विरून जातो, आणि हान यांनी वापरलेल्या अवरक्त प्रकाशाची तरंगलांबी होती ८८० नॅनोमीटर. म्हणजे पृष्ठभागावर मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याहूनही पातळ असा, डोळ्यांना कधीच न दिसणारा उजेडाचा थर पसरलेला असतो आणि कोणीतरी त्यात येण्याची जणू वाट पाहत असतो.

बोट येते. ठशाचे उंचवटे त्या थरात शिरतात, आणि एरवी परतला असता तो प्रकाश तिथून कातडीत उतरतो, विखुरतो, त्यातला काही शीट ओलांडून पलीकडे निघतो आणि मागे बसवलेल्या कॅमेऱ्याला काळोखात एक तेजाळ ठिपका दिसतो. उंचवट्यांमधल्या खाचांत मात्र हवाच असते. खाच कितीही उथळ असली तरी त्या थराच्या मानाने ती दरीच, म्हणून तिथे काळोख कायम राहतो. बोटांचे ठसे घेणारी अनेक प्रकाशीय यंत्रे याच भेदावर चालतात. टेकणे आणि जवळजवळ टेकणे यांतला फरक इतक्या चोखंदळपणे पाळणारे दुसरे इंद्रिय मला आठवत नाही.

हा चोखंदळपणा न्यूटनच्याही नजरेतून सुटलेला नव्हता. १७०४ सालच्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात तो दोन लोलक एकमेकांवर घट्ट दाबतो, आणि अगदी किंचित फुगीर असलेल्या त्यांच्या बाजू जिथे भिडतात, तिथे दोन काचांची जणू एकच सलग काच झाल्यासारखी ती जागा पारदर्शक होते असे नोंदवतो. परावर्तित प्रकाशात पाहिले तर तोच भाग काळा डाग. पुढे १८९७ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी विद्युत्-लहरी घेऊन, दोन लोलकांमधली हवेची फट कमी-जास्त करत हाच खेळ पुन्हा मांडला. त्यांच्या लहरी इतक्या लांब होत्या की फटही मिलिमीटरांत मोजता यावी. डोळ्यांना अगम्य असलेली ती चाहूल बोसांच्या टेबलावर पट्टीने मोजण्याजोगी झाली, याचे मला फार अप्रूप वाटते.

आता दाबाकडे येऊ; खरा रस तिथेच आहे. कॅमेऱ्याला उजेड कळतो, दाब कळत नाही. शीटखाली काटा नाही, स्प्रिंग नाही, ताण मोजणारी तार नाही. मग हलके टेकलेले बोट आणि रेटून दाबलेले बोट यांतला फरक त्याला कळतो कसा? तबलजी डग्ग्याच्या पुडीवर मनगटाचा दाब वाढवत नेतो तसा घुमारा चढतो, कारण पुडी हाताखाली ताणली जाते आणि तिचे ताणले जाणे आपण सूर म्हणून ऐकतो. इथे काच रेसभरही हलत नाही, नमते ते बोट. बोटाचा मांसल गर चपटा होतो, नवे उंचवटे काचेला भिडतात, आधी भिडलेले आणखी पसरतात, आणि ठिपका मोठा व उजळ होतो. म्हणजे यंत्र म्हणून बसवलेल्या सगळ्या सामग्रीत दाब मोजणारा खरा भाग आपण आपल्या हाताबरोबर घेऊन आलेलो असतो. या पटलावर पोलादी टाचणी कितीही जोराने टेकवली तरी ती दिसणार नाही. लोण्यासारखे नसले तरी थोडे तरी दबणारे काहीतरी हवे.

त्या नमण्याला चालही आहे. हाइनरिश हर्ट्झने १८८२ मध्ये, काचेची भिंगे एकमेकांवर दाबली असता काय घडते या विचारातून, स्पर्शाचे गणित मांडले: लवचीक गोल सपाटीवर दाबला तर स्पर्शक्षेत्र दाबाच्या दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात वाढते. बोट काही आदर्श गोल नव्हे, पण वळण तेच, आधी झपाट्याने पसरायचे आणि मग हळूहळू थबकायचे. त्यामुळे हलक्या स्पर्शांच्या छटा हे पटल बारकाईने टिपते आणि रेटारेटीकडे फारसे लक्ष देत नाही. मोजमापाच्या दृष्टीने हा दोष. रसिकाच्या दृष्टीने मला तरी हा सुसंस्कृतपणा वाटतो.

हान यांच्या पटलाची हीच कल्पना उलट्या रंगांत त्यांच्याआधीही येऊन गेली होती. टोरांटो विद्यापीठात निमिष मेहता यांनी १९८२ च्या आपल्या प्रबंधात धुरकट काचेचे एक पटल मांडले. मागून कॅमेऱ्याने पाहिले असता पांढऱ्या पार्श्वभूमीवर बोटाचा काळा ठिपका उमटे आणि त्याचा आकार दाबानुसार बदले. एकाच वेळी अनेक स्पर्श ओळखणाऱ्या पहिल्या साधनांत त्याची गणना होते.

कोरडी बोटे मात्र या खेळात मागे पडतात; रूक्ष कातडी आणि काच यांच्यात हवेचे कण अडकून राहतात. म्हणून शीटवर सिलिकॉनचा मऊ थर देण्याची युक्ती निघाली. मग बोटाऐवजी सिलिकॉन नमते, त्याचा पृष्ठभाग ॲक्रिलिकला भिडतो, आणि हातमोजा घातलेला हातही दाबाने उजेड उमटवू शकतो.

२००६ मध्ये टेडच्या व्यासपीठावर हान यांनी दहाही बोटांनी छायाचित्रे ओढली, ताणली. २००८ च्या अमेरिकी निवडणुकीत त्यांच्या कंपनीचे पटल सीएनएनवर घरोघर पोहोचले. पण कॅमेऱ्याला दूर बसायला जागा लागते, आणि खिशात तेवढी जागा नसते. २००७ चा आयफोन विद्युत्-धारितेवर चालला, काच पातळ राहिली, आणि दाबाची छटा बहुतेक पडद्यांवरून पुसली गेली. पातळपणासाठी आपण जरा जास्तच मोल दिले असे माझे मत आहे.

उजेडाने मात्र दाबाचा नाद सोडला नाही. एमआयटीमध्ये स्टीफन मॅस्कारो आणि हारुहिको असादा यांनी पडदाच वगळला आणि इवले एलईडी व प्रकाशसंवेदक थेट नखावर बसवले. त्यांचा निबंध २००१ मधला. बोट दाबले की नखाखालचे रक्त सरकते, टोकाशी फिकट पट्टा उमटतो, त्यामागे लाली दाटते, आणि संवेदक तो रंगबदल वाचतात. त्यामुळे बोटाखाली लाकूड असो, दगड असो की कागद, दाब कळतोच. शिवाय बोट सरळ खाली दाबले आहे, पुढे रेटले आहे की आडवे ओढले आहे, हेही ओळखता येते, कारण प्रत्येक वेळी नखाखालची लाली निराळ्या आकारात पसरते.